तापासाठी मागितलेली प्रार्थना

माझ्या पत्नीला स्तनाचा कॅन्सर झाला, तेव्हा नागपूरला तिला विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, देत. यवतमाळच्या आमच्या चर्चमध्ये, ज्याच्या घरी आजार असेल त्यानं उपासनेत उभं राहून तो सांगायचा. मग सगळी मंडळी प्रार्थना करत. मी दर रविवारी उठून ‘हिला ताप आहे’ एवढंच सांगे. देवाला खरं ठाऊक आहे, अशी मनाची समजूत घालत होतो. खरं म्हणजे तिच्या छातीचा आजार चारचौघांत बोलायची मला लाज वाटत होती.

एका रविवारी बायकांच्या बाजूला बसलेली तीच उभी राहिली. “मले ताप नाही. छातीत कॅन्सर हाय. त्याच्यासाठी प्रार्थना करा.”

शेजारची म्हातारी म्हणाली, “अवं माय, मंग इतके दिवस आमाले तापावरच काहून राबवलं?”

पत्नीला हसू फुटलं. बायकांनी भोवती जमून तिच्या डोक्यावर हात ठेवले. मी मात्र पुरुषांच्या बाजूला मान खाली घालून बसून राहिलो.

पुढच्या खेपेला नागपूरच्या गाडीत मी तिचा हात धरला आणि आजाराचं नाव घेऊन प्रार्थना केली. माझा आवाज अडखळला, तेव्हा ‘आमेन’ तिनंच म्हटलं.