खाऱ्या भरावावरचा सोनचाफा

बी.कॉम. झाल्यावर मी उद्यानविद्येच्या एक वर्षाच्या कोर्सला नाव घातलं, तेव्हा बाबा कित्येक दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. जन्मभर फोर्टातल्या एका कचेरीत कारकुनी केलेला माणूस. मुलगी माळीकाम शिकणार हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. "फी भरून माती उकरायला शिकायचं?" असं ते आईला म्हणायचे, पण मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मीही हट्टाला पेटले होते.

ही दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. बाबा रिटायर झाले आणि आम्ही गिरगावातली खोली सोडून मीरा रोडच्या एका नव्या कॉम्प्लेक्समध्ये राहायला आलो. आमची विंग भरली होती, समोरच्या विंगचं पझेशन बाकी होतं आणि मधल्या बागेचं काम नुकतंच सुरू झालं होतं. कोर्समध्ये प्रॅक्टिकल म्हणून एखाद्या कंत्राटदाराच्या हाताखाली काम करावं लागे. मी त्याच बागेच्या कंत्राटदाराला गाठलं. घराखालीच काम, रिक्षाचे पैसे वाचले, एवढाच माझा हिशेब.

पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "मॅडम, पझेशन तक हरा दिखना चाहिए, बस." मला वाटलं, गंमत करतोय. तो गंमत करत नव्हता.

आमच्या पायाखाली पूर्वी मिठागर होतं. त्यावर डेब्रिजचा भराव आणि त्यावर वीतभर लाल माती. अशा जागेत त्याने घोडबंदरच्या बाजूच्या नर्सरीतून चांगला दोन पुरुष उंचीचा सोनचाफा आणला. ट्रकमध्ये बसावा म्हणून मुळं जवळजवळ सगळी छाटलेली, उरलेल्या गोळ्याला गोणपाट गुंडाळलेलं. मी म्हटलं, हा इथे जगणार नाही. तो म्हणाला, फोटो तो अच्छा आएगा. खड्डा मी आखून दिला, झाड माझ्या देखरेखीखाली उभं राहिलं, चारी बाजूंनी बांबूचा आधार दिला.

बाबा गॅलरीतून बघत होते. संध्याकाळी खाली येऊन झाडाभोवती फिरले आणि म्हणाले, "हे तू लावलंस?" त्या कोर्सबद्दल त्यांनी मला विचारलेला हा पहिला सरळ प्रश्न. मी हो म्हटलं. शेजारच्या गुजराती काकांना ते लगेच हाक मारून म्हणाले, "बेटी ने लगाया." मला इतका आनंद झाला, की झाडाचं काय होणार हे त्या दिवशी सांगवलंच नाही.

पुढच्याच आठवड्यात सांगितलं. पानांच्या कडा करपायला लागल्या होत्या. मी समजावलं, की खाली खार आहे, वरून बोअरचं मचूळ पाणी घालतात, मुळं उरलेली नाहीत, हे जाणार. बाबांनी त्यातलं एकच ऐकलं, की बोअरचं पाणी वाईट.

दुसऱ्या दिवसापासून ते घरातलं पाणी खाली नेऊ लागले. पालिकेचं पाणी एक दिवसाआड यायचं, तेही तासभर. आई ड्रम, हंडे, पातेली भरून ठेवायची आणि बाबा त्यातली बादली उचलायचे. "प्यायला ठेवाल की नाही?" म्हणून आई कावायची.  बाबांचे गुडघे दुखायचे तरी बादली खाली जायचीच. मला भयंकर राग यायचा. मी शिकलेय ना, मी सांगतेय ना, मग माझं ऐकत का नाहीत? आयुष्यभर कुणाचं ऐकलं नाही, आता मेल्या झाडापायी हट्ट, असंही मी एकदा बोलून गेले.

समोरचं पझेशन झालं, फोटो निघाले. माझी परीक्षा झाली, निकाल लागला, मी पास झाले. पेढे वाटले. बादली थांबली नाही.

मे महिन्यात मी त्यांना हाताला धरून झाडापाशी नेलं. नखाने साल खरवडून दाखवली. जिवंत असेल तर आत हिरवं लागतं. खाली खरवडलं, वर खरवडलं, सगळीकडे कोरडं, तपकिरी. "बाबा, संपलं," मी म्हटलं.

त्यांनी त्या खरवडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाले, "आता तुला नापास करतील का गं?"

मला आधी कळलंच नाही. "निकाल लागला की, बाबा. तुम्हीच पेढे आणलेत."

"तो कागदावरचा. नंतर कुणी तपासायला येणार असेल ना? आमच्या कचेरीत ऑडिटवाले यायचे. सगळं झाल्यावर यायचे आणि एकेकाला धरायचे."

म्हणजे एवढे महिने, दुखऱ्या गुडघ्यांनी, ते माझा निकाल सांभाळत होते. मी त्यांच्या हातातली रिकामी बादली घेऊन खाली ठेवली. म्हटलं, "कुणी येत नाही, बाबा. लावून झालं, की झालं."

"कुणीच बघत नाही?"

"नाही."

"मग तुम्हाला कळतं कसं, जगलं का मेलं ते?"

 त्यांनी रिकामी बादली उचलली आणि ते जिना चढायला लागले.

पुढच्या आठवड्यात बिल्डरला पुन्हा फोटो काढायचे होते, म्हणून कंत्राटदाराने तसाच दुसरा सोनचाफा पाठवला. तोवर त्याने मला सुपरवायझर म्हणून पगारावर घेतलं होतं. मी तो त्याच खड्ड्यात उभा करून घेतला. बाबा गॅलरीत आले नाहीत.