दगडू मिस्त्री आणि दादांची फटफटी

दगडू मिस्त्री गेल्याचा फोन आला तेव्हा मी वडवणीच्या बाजारात मेथीची जुडी निवडत उभा होतो. त्याची मुलगी सुमन बोलत होती. "सर, बाबा गेले. सकाळी च्या पिऊन शेडमधी बसले हुते, बसल्या जागीच..." आणि माझ्या तोंडून काय निघावं? "खरंच?" सांत्वनाचा एक शब्द नाही. महिना होऊन गेला, तरी ते "खरंच" मला टोचतं आहे. या माणसाबद्दल काहीही कानावर आलं की खरं-खोटं करून बघायची सवय मला वयाच्या नवव्या वर्षापासून लागलेली. त्याच्या मरणाच्या बातमीलाही ती सुटली नाही.

तलवाड्यापासून दोन कोसांवर आमचं गाव. माझे वडील, म्हणजे दादा, मिलिटरीतून सुटून आले ते एक जुनी विलायती फटफटी घेऊन. आमच्या बौद्धवस्तीतली ती पहिली गाडी. वस्तीला तिचं कौतुक होतं, गावातल्या काहींच्या डोळ्यांत ती सलायची. पुढे दुष्काळ पडला. गावच्या दूध सोसायटीमार्फत जनावरांना चारा मिळायचा, पण वाटप अध्यक्षांच्या वाड्यापासून सुरू व्हायचं आणि वस्तीपर्यंत येईतो नुसता पाचोळा उरायचा. दादांनी सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहायचं ठरवलं. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी तीनच्या आत तालुक्याच्या गावी, गेवराईला पोचायचं होतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी गाडी ऑइल बदलायला तलवाड्याच्या दगडूकडे दिली. तो तेव्हा पंचविशीतला, तालुक्यात इंजिनाचा एकमेव जाणकार. दुसऱ्या दिवशी भर उन्हात, निम्म्या वाटेवर, इंजिन जाम झालं. दादा गाडी सोडून पायी निघाले, धावले. पोचले तेव्हा खिडकी बंद झाली होती.

अध्यक्षांची सगळी माणसं बिनविरोध निवडून आली. त्यानंतर आठच दिवसांत सोसायटीच्या टँकरचं आणि पंपांचं दुरुस्तीचं काम दगडूला मिळालं. दादांना आणखी कसला पुरावा हवा होता? "त्यानं माझ्या इंजिनात वाळू घातली," हे वाक्य मी लग्नात, मयतीत, पारावर, जेवताना ऐकत मोठा झालो. त्या उन्हाळ्यात आमची कपिली गाय दावणीला बसली ती उठली नाही. मी तिच्याजवळ बसून होतो. मला तिच्या डोळ्यांत दगडू दिसायचा. गाडी गोठ्यात गोणपाटाखाली पडून राहिली. दादांनी तिला मरेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मला वाटलं, ती गाडी चालू करावी. तोवर मी सायकलचं पंक्चरसुद्धा काढलेलं नव्हतं. बीडला दोन-तीन गॅरेजं फिरलो. पोरं गाडीचा फोटो बघून हसायची आणि एकच नाव सांगायची... तलवाड्याचा दगडू मिस्त्री. मी गेलो. खोटं कशाला बोलू, गाडीइतकीच मला वाळू हवी होती. पन्नास वर्षांनी त्याच्या डोळ्यांदेखत इंजिन उघडायचं आणि त्याचं तोंड बघायचं, एवढ्यासाठी गेलो होतो.

टेम्पोतून गाडी उतरली तेव्हा तो पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी खोक्यावर बसला होता. मी कुणाचा कोण, हे त्यानं विचारलं नाही. गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीवर तळवा ठेवला आणि म्हणाला, "मी हिला पाना लावनार न्हाई. तुमी खोला, मी सांगतो."

"कावून? का नाही?" मी विचारलं.

"हात कापतेत माझे."

हात कापत होते हे खरं. पण त्याच हातांनी त्यानं तासाभरापूर्वी एका शेतकऱ्याच्या पंपाचं नोझल बसवलेलं मी बघितलं होतं. माझा संशय दुप्पट झाला.

मग दर रविवारी मी एसटीनं बीडला आणि तिथून तलवाड्याला जाऊ लागलो. इंजिनाच्या हेडचे बोल्ट गंजून एकजीव झालेले. त्यावर डिझेल सोडायचं, आठवडाभर थांबायचं, पुन्हा सोडायचं. मी जोर लावला की तो ओरडायचा, "ओ सर, पोरांचे कान पिरगाळल्यावानी नगा करू! हळू. सुटंल तवा सुटंल." मी चुकीचा पाना उचलला की तो तोंड फिरवायचा. इकडे मी वेगळ्याच उद्योगात होतो. गाडी आठवडाभर त्याच्या शेडमध्ये राहायची, म्हणून मी प्रत्येक भागाचा फोटो काढायचो, सुनेच्या नेलपॉलिशनं ठिपका द्यायचो आणि जे अजून उघडलं नव्हतं त्याच्या जोडावर सही केलेली कागदाची पट्टी डकवायचो. दहावीच्या पेपरचे गठ्ठे सील करायचो तसं. एका रविवारी त्यानं माझ्यापुढे लोखंडावर ठिपका उमटवायचा एक जुना पंच आणि हातोडी ठेवली. "खुना करायच्या तर हेनं करा. नेलपॉलिश पेट्रोलनं निघतं." मी शरमेनं लाल झालो आणि पंच मात्र उचलला.

पावसाळा सरता सरता ब्लॉक निघाला. पिस्टन बोअरमध्ये, म्हणजे त्याच्या नळकांड्यात करपून बसलेला, भिंतींवर उभे चरे. मी बॅटरी धरून, बोट फिरवून कण शोधत होतो. मागून आवाज आला, "वाळू हुडकायलात का?"

मी वळलो नाही. "हो."

"हुडका. मीबी तेच म्हनतो. पन आता खालचं झाकन खोला. तेलाचा पंप बगा."

त्या झाकणावर माझी पट्टी होती. सही शाबूत, कागद तेलानं पिवळा पडलेला. मी ती स्वतः फाडली, झाकण काढलं. पंपाच्या तोंडाशी, जिथून तेल वर चढतं त्या बारीक वाटेत, काळा गोळा होता. चिमट्यानं ओढला तर लांबत लांबत आला... सूत. तेल पुसायच्या चिंधीचं सूत, जळक्या तेलात दगडासारखं झालेलं. त्यानंच तेल अडवलं होतं आणि पिस्टन कोरडा करपला होता. माझ्या मनात पहिला विचार आला की हे त्यानंच आता ठेवलंय, वाळू लपवायला. पण पट्टी माझी, सही माझी. पन्नास वर्षांत कुणी आत गेलंच नव्हतं.

दगडू मिस्त्रीनं तो गोळा तळहातावर घेतला. अंगठ्यानं चोळून बघितला. मग म्हणाला, "हे माझं हाय. त्या सांजंला पिन्याच्या पान्याचा टँकर आलता. बायकू धा दिवसांची बाळंतीन, पान्याला मलाच जायचं हुतं. घाईत चिंधीनं पुसलं अन् झाकन लावलं. चिंधीचा एक कोपरा फाटका दिसला तवाच मनात आलं हुतं. दुसऱ्या दिशी कळलं गाडी जाम झाली. तवापासनं मला वाटायचं, हेच असंल. पन दादा गाडीला कुनाला हात लावू देईनात. कसं बगनार?"

"आणि सोसायटीचं काम?" मी विचारलं. हा प्रश्न मी आयुष्यभर जपून ठेवला होता. "ते तुम्हालाच कसं मिळालं?"

तो खाली बघत म्हणाला, "अध्यक्षालाबी तेच वाटलं, सर. की मी त्याच्यासाटीच केलं. बोलावलं, पाठीवर थाप मारली, म्हनला, शाब्बास बे, आता टँकरचं तूच बग. मी म्हनायला पायजे हुतं की मी काई केलं न्हाई. न्हाई म्हनलो. घरात लेकरू हुतं... काम घेतलं. चिंधी चुकून ऱ्हायली. थाप मात्र मी जानूनबुजून घेतली."

मला राग यायला हवा होता. आला नाही. नऊ वर्षांच्या माझ्या मनात जो माणूस होता, तो गालात हसत मूठभर वाळू टाकणारा होता. हा तर स्वतःवरच संशय घेऊन जगलेला निघाला. त्यानं पाना का धरला नाही, तेही तेव्हा उमगलं. त्यानं काही काढलं-घातलं असं मला पुढे म्हणता येऊ नये, म्हणून.

बोअर बीडहून घासून आणला, पिस्टन कुठल्याशा भंगारवाल्यानं हैदराबादहून मिळवून दिला. जोडताना मी पिस्टनच्या रिंगा दोनदा उलट्या बसवल्या, त्यानं दोनदा काढायला लावल्या. माघ महिन्यात एका दुपारी, कितवीतरी किक मारल्यावर, इंजिन बोललं. तो मान कलती करून ऐकत राहिला आणि एवढंच म्हणाला, "टॅपेट वाजतंय, जरा आवळावं लागंल." मग हात पुसत, "मला मायकडं न्या."

माय म्हणजे माझी आई, नव्वदीला टेकलेली, गावातच राहते. मी त्याला मागे बसवून नेलं. अंगणात उभं राहून त्यानं तिला सगळं सांगितलं, अध्यक्षांच्या थापेसकट. माय उंबऱ्यावर बसून ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "आता कावून आलास, दगडू? ते असताना यायचं हुतं."

"आलतो, माय. दोनदा आलतो. गावच्या येशीतूनच माघारी गेलतो."

"मग तिसऱ्यांदा यायचं." एवढं बोलून ती आत गेली. मला वाटलं, संपलं. पण ती पितळी तांब्या घेऊन बाहेर आली आणि त्याच्या हातात दिला. त्या काळी त्याच्या घरची माणसं आमच्या वस्तीत पाणी पीत नसत. दगडू मिस्त्री तांब्या तोंडाला लावून उभ्यानं घटाघट प्यायला, सदरा भिजेपर्यंत. माफ केलं, असं माय काही म्हणाली नाही. नंतरही कधी म्हणाली नाही.

त्यानंतर पाच महिन्यांनी तो गेला. मी फटफटीवरच तलवाड्याला गेलो. दहाव्याला जमलेल्या माणसांत एका म्हाताऱ्यानं माझ्या कानाशी लागून विचारलं, "तुमच्या बापाच्या गाडीत वाळू यानंच घातलती ना?" मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, सांगितलं की वाळू नव्हती, चुकून राहिलेली चिंधी होती आणि मी ती स्वतः काढली. म्हाताऱ्यानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मीही कुणाकडून तरी पाठीवर थाप घेऊन आलो आहे.

परत निघताना सुमननं मला शेडमध्ये नेलं. खोक्याजवळ एक पंपाचं इंजिन अर्धवट खोललेलं पडलं होतं. चकलांब्याच्या एका शेतकऱ्याचं. "बाबांनी बोल्ट क्रमानं लावून ठेवलेत, सर. आता कोन बसवनार?" मी काही मिस्त्री नाही, तिला तसं सांगितलंही. पण पुढच्या रविवारी माझे पाय तिकडेच वळले. मी खोक्यावर बसलो, पाना हातात घेतला, आणि नेमका तो शेतकरी दारात येऊन उभा राहिला. माझ्या पांढऱ्या सदऱ्याकडे, मऊ हातांकडे बघत म्हणाला, "तुमी करनार? तुमाला येतंय का? मी हितंच थांबतो बगा."

"थांबा," मी म्हणालो. "जवळ या. असं उजेडात उभं राहा, म्हणजे नीट दिसेल."