मूर्तिजापूरचा तुकडा

“बारा तुकडे आहेत, मॅडम. चार, चार, चार. कापायचीसुद्धा गरज नाही,” प्रभाकरराव म्हणाले आणि चष्मा पुसत खुर्चीत निवांत टेकले. ते अमरावतीतल्या एका शाळेचे निवृत्त हेडमास्तर. गणित सुटल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मला मात्र घाम फुटला होता.

टेबलावर वऱ्हाडाचा जुना नकाशा पसरला होता. प्रभाकररावांचे आजोबा परतवाड्याच्या छावणीत साहेबांच्या बंगल्यांवर भाजी आणि फुलं पुरवायचे. एक साहेब विलायतेला परत जाताना हा नकाशा त्यांना देऊन गेला, असं घरात सांगतात. मग तो अचलपूरजवळच्या संत्र्याच्या बागेतल्या घरी भिंतीवर लागला. वडील, म्हणजे आबा, गेल्या वर्षी गेले. घर, बाग, भांडी सगळ्यांची वाटणी झाली. उरला हा नकाशा, आणि तो तिघाही भावांना हवा होता.

मी कागद दुरुस्त करते. जुनी चित्रं, सनदा, पोथ्या. या कामाला कॉन्झर्वेशन म्हणतात. अमरावतीत ‘त्या कागदवाल्या मॅडम’ म्हणतात, आणि तेही बरोबरच आहे. माझ्याकडे बहुतेक पेशंट सेलोटेपने जेरीस आलेले असतात. हा नकाशा तसा नव्हता. कुणी चिकटपट्टी लावली नाही, लॅमिनेशन केलं नाही, पुसायला ओलं फडकं घेतलं नाही. त्या घराचे मी मनातल्या मनात आभारच मानले.

तुकड्यांचं म्हणाल, तर ते मुद्दाम केलेले असतात. त्या काळी नकाशा घोड्यावरून न्यायचा. कागद वारंवार घडी केला की घडीवर फाटतो. म्हणून छापलेला नकाशा आधीच चौकोनी तुकड्यांत कापायचे आणि मध्ये बोटभर फट ठेवून ते कापडावर डकवायचे. घडी पडते ती कापडावर, कागद शाबूत राहतो. ज्याने ही युक्ती काढली त्याला माझा नमस्कार. पण आपल्या युक्तीतून वऱ्हाडात हिस्सेवाटणी निघेल, हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

“हे एकच चित्र आहे, सर,” मी म्हटलं. “तुकडे सोयीसाठी आहेत.”

“मले काय चित्र करायचं, मॅडम?” शेजारी बसलेले मधले भाऊ गजानन म्हणाले. बाग तेच पाहतात. “माह्या वाट्याचा मले द्या. फ्रेम करून लावतो.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तं दुसरा कोनी फ्रेमवाला पाहू.”

फ्रेमवाला म्हणजे कटर आणि गोंद. मी मुकाट्याने काम घेतलं.

कापड कुजलं होतं, ते काढणं भाग होतं. रंगांची आधी परीक्षा घेतली. ओला कापूस कोपऱ्याला टेकवायचा आणि रंग सुटतो का पाहायचं. हे रंग छापलेले नाहीत, हाताने भरलेले आहेत. छापखान्यात बायका आणि पोरं ओळीने बसून रंग भरायची, असं आम्हाला शिकवलं होतं. एकीकडे गुलाबी, दुसरीकडे पिवळा. अमरावतीच्या हद्दीवर कुणाचा तरी ब्रश जरा घसरलाय आणि गुलाबी रंग पलीकडे सांडलाय. ज्या बाईने वऱ्हाड कधी पाहिलंही नाही, तिने आमच्या हद्दी रंगवल्या. तो ओघळ मी कितीतरी वेळ पाहत बसले होते.

गाविलगडचे डोंगर बारीक रेघांनी काढले होते, सुरवंट झोपल्यासारखे. मेळघाटात आतली माहिती नव्हती, तर तिथे नुसती झाडं काढून वेळ मारून नेली होती. पूर्णा नदी निळी, आणि नवीच आलेली रेल्वे शिडीसारखी काळी-पांढरी. खाली डाव्या कोपऱ्यात शीर्षकाभोवती वेलबुट्टी, कापसाची बोंडं, बैलजोडी आणि चक्क नारळाचं झाड. वऱ्हाडात नारळ! चित्रकार इकडे फिरकलाच नसावा. पण बोंडं अशी फुलवली होती की त्याला ते झाड माफ.

तांदळाच्या आकाराचे कीटकांचे छेद भरले, मागे पातळ कागद लावून गव्हाच्या खळीने तुकडे भक्कम केले. शेवटच्या कामासाठी भावांना बोलावलं. वेगवेगळं फ्रेम करायचं की नव्या कापडावर एकत्र लावायचं, ते त्यांनी समोर ठरवावं, असं मी सांगितलं. मनात आशा होती, दुसरं काय.

रविवारी तिघेही आले. धाकटे संजय अकोल्याहून गाडीने आले, तिथे त्यांचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. त्यांच्यासोबत एक बाई होती. “वंदना, बहीन आमची. मूर्तिजापूरले देली आहे. रस्त्यात होती, म्हनून घेतली,” संजयनी ओळख करून दिली. वंदनाताई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. वडिलांचा नकाशा वाटला जाण्याआधी एकदा पाहायचा होता, एवढंच म्हणाल्या.

मी तुकडे जुळवून मांडले होते. पुन्हा सगळं समजावलं. उपयोग शून्य. प्रभाकररावांनी तुकडे जागच्या जागी जरा अलग सरकवून हिस्से पाडले. अमरावतीचे चार, अचलपूरचे चार, अकोल्याचे चार. भांडण लागलं ते शीर्षकाच्या कोपऱ्यावरून. तो अकोल्याच्या हिश्शात आला होता, आणि गजाननना बैलजोडी हवी होती.

“भांडू नका,” प्रभाकरराव म्हणाले. “आपल्यात जशी रीत आहे तसंच करू. थोरल्याने हिस्से पाडायचे, धाकट्याने आधी उचलायचं. संजय, उचल.”

संजयनी हात पुढे केला.

“थांब, संजूभाऊ,” वंदनाताई उठल्या. “धाकटी मी आहो.”

गजानन म्हणाले, “तुही तं सही झाली ना, वंदे.”

सही म्हणजे हक्कसोडपत्राची. वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा बहीण भावांच्या नावे सोडून देते, तो कागद. आमच्याकडे बहुतेक बहिणी करतात. माझीही झाली आहे.

“सही म्या वावराच्या कागदावर केली, गजूदादा,” त्या शांतपणे म्हणाल्या. “नकाशाची कोनी घेतली?”

“बरं, मंग काय पाहिजे तुले?”

“मले चार नाई पाहिजे. एकच पाहिजे.”

त्यांनी टेबलाच्या मधोमधचा तुकडा उचलला. मूर्तिजापूरचा. मी सवयीने ओरडणार होते, “हात धुतले का?” पण त्यांनी तो दोन्ही तळव्यांवर असा धरला होता, की मी गप्प बसले.

“माह्यातला गेला ना एक!” संजय म्हणाले. सगळे टेबलाकडे पाहत होते. मधोमध चौकोनी खड्डा पडला होता. रेल्वे अकोल्याहून निघून थोडी पुढे येऊन थांबली होती, आणि अमरावतीकडे कुठून तरी हवेतूनच उगवत होती. पूर्णाही तुटली होती. मी महिनाभर जे तोंडाने सांगत होते, ते आता समोर पडलं होतं.

“अकराचे तीन होत नाहीत,” प्रभाकरराव पुटपुटले.

गजानननी खड्ड्याकडे पाहिलं आणि आपले चार तुकडे दोन बोटांनी हळूच मूळ जागी सरकवले. “राहू दे, दादा. मले आता पाह्यवत नाई. अख्खाच लावा. अन् वंदीच्याच घरी लावा. तिले आपन काय देलं?”

प्रभाकररावांनी चष्मा काढला. या वेळी तो पुसला नाही. संजय बहिणीकडे न बघता म्हणाले, “मी येईन अधूनमधून पाहाले.”

“येजा,” वंदनाताई म्हणाल्या. तुकडा त्यांनी स्वतःच जागेवर ठेवला.

भाऊ चहाला बाहेर गेले तेव्हा मी विचारलं, “नकाशा वाचवायलाच केलंत ना हे?”

“नाई वो, मॅडम. मले खरंच तेवढाच पाहिजे व्हता. माह्या हाती आबाचं काईतरी असावं, बस.”

मी त्यांच्या पाया पडले नाही, एवढंच. माझी पदवी, माझी भाषणं, माझे ब्रश यांपैकी कशानेही तो नकाशा वाचला नसता. ज्या बाईने मोठा वाटा मुकाट्याने सोडला, तिने छोटा मागितला म्हणून तो वाचला. आणि तिघा भावांचंही मला कौतुक वाटतं. टेबलावरचा खड्डा दिसला आणि तो दिसल्याचं त्यांनी मान्य केलं. दिसूनही मान्य न करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

नव्या कापडावर बाराही तुकडे बोटभर फट ठेवून लावले. नकाशा आता मूर्तिजापूरला आहे, उन्हापासून दूरच्या भिंतीवर.

मी माझ्या कामात एकच बदल केला. कुणी वडिलांची वस्तू दुरुस्तीला आणली, की घडी उलगडायच्या आधी विचारते, बहीण आहे का? असेल तर पुढच्या वेळी तिला घेऊन या, मग कामाचं बोलू.