देश निवडायला गेलो आणि पडकईवर सापडलो

परदेशात राहणाऱ्या आणि 'पासपोर्ट कधी बदलताय?' या प्रश्नाने पिडलेल्या माझ्या मराठी बंधू-भगिनींनो! आपलं दुखणं एकच आहे. विमानतळावरची लांब रांग आपली, शेजारच्या देशात चार दिवस फिरायला जायचं तरी व्हिसासाठी बोटांचे ठसे आपले, आणि या सगळ्याला कंटाळून दुसरीकडचं नागरिकत्व घ्यावं तर आपला स्वतःचा देश म्हणतो, मग आमचा पासपोर्ट परत करा. दोन्ही ठेवता येत नाहीत. आईला विचारून बायको सोडा किंवा बायकोला विचारून आई सोडा, असला हा प्रकार. या विषयावर मी आमच्या डब्लिनमधल्या मराठी मंडळात टाळ्या घेतलेल्या आहेत. बोलायला मला कधीच अडचण आली नाही. या प्रवासात आली, म्हणून हे लिहितोय.

आमच्यापुढे दोन देश होते. आयर्लंडमध्ये राहून आम्ही तिथल्या नागरिकत्वाला पात्र झालो होतो, आणि मुलगीही तिथेच शाळेत होती. ऑस्ट्रेलियात माझ्या बायकोचा, मेघनाचा, भाऊ आहे आणि तिथला कायमचा व्हिसाही हातात होता. मेघना म्हणाली, एकदाचं ठरव. मी म्हटलं, गावी जाऊन शांत डोक्याने ठरवतो. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, यातलं काहीच माहीत नव्हतं. भेटूनच सांगू, असं मी स्वतःला सांगत होतो.

फेब्रुवारी हा आमच्या भागात जायला उत्तम महिना. पुण्याहून सकाळी लवकर निघा, नाहीतर चाकणच्या चौकात अर्धा दिवस जातो. माझा शाळेतला मित्र पारस गाडी घेऊन आला होता. त्याचं जुन्नरच्या बाजारपेठेत कापडाचं दुकान आहे. पेठला चहा आणि गरम भजी घेतली, दोघांचे मिळून शंभराच्या आत. मंचर, नारायणगाव करत जुन्नरकडे वळलो. दोन्ही बाजूंना टोमॅटोचे मांडव आणि द्राक्षाच्या बागा होत्या.

गाडीत मी सहज विचारलं, "पारस, तुमचं मूळ गाव कुठलं रे? राजस्थानात?"

"तुला तिकडं विचारतात का, कुठले म्हणून?"

"रोज. टॅक्सीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत."

"मग काय वाटतं?"

"डोकं फिरतं. इतकी वर्षं राहिलो तरी..."

"आमची पाचवी पिढी चाललीय इथं, राव," तो गिअर बदलत म्हणाला. "माझी आजी मारवाडीत शिव्यासुद्धा देत नव्हती. तू माझ्या शेजारी बसून शाळा शिकलास आणि मला मूळ गाव विचारतोस?"

तो हसत होता, म्हणून जास्त लागलं.

लेण्याद्रीला पायथ्याशी गाडी लावायला भरपूर जागा आहे. तिकीट नाममात्र. पायऱ्या पुष्कळ आहेत, पण उंच नाहीत. वाटेत थांबत गेलं की कुणालाही जमतं. हातात खाऊची पिशवी मात्र ठेवू नका, माकडं विचारून घेत नाहीत. गिरिजात्मजाचं दर्शन झाल्यावर शेजारच्या लेण्यांत सावलीला बसलो. समोर जुन्नरचं सगळं खोरं दिसत होतं. मी पारसला सांगू लागलो, की पलीकडे शिवनेरीच्या पोटात लेणी आहेत, त्यांत यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, देणग्यांचे शिलालेख आहेत. समुद्रापलीकडून आलेल्या माणसाने इथे पाण्याचं टाकं करून दिलं आणि डोंगराने त्याचं नाव जपलं. माणूस कुठल्या देशाचा, हे तो कुठे खोदतो त्यावरून ठरतं, कागदावरून नव्हे! आवाज चढला तशी दोन पर्यटक थांबून ऐकायला लागले.

"झकास," पारस म्हणाला. "हे आबांना पण सांग."

घोडेगावला मासवडी खाल्ली. मासवडीत मासा नसतो. बेसनाच्या वडीत तीळ-खोबऱ्याचं सारण असतं आणि बरोबर झणझणीत रस्सा. नक्की खा, पण पाण्याचा तांब्या जवळ ठेवा. डिंभे धरणाच्या कडेने पुढचा रस्ता बराच सुधारलाय. फक्त शेवटच्या वळणांवर अंधारात गाडी घालू नका. उन्हं कलताना पारसने मला आमच्या वाडीवर सोडलं आणि तो परत फिरला.

सकाळी जाग आली ती पहारीच्या आवाजाने. पडकई चालू होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे डोंगरउतारावर भाताची खाचरं असतात आणि पावसात त्यांचे बांध फुटतात. एकट्या घराला ते बांधणं होत नाही. म्हणून भात निघाल्यावर वाडीतल्या प्रत्येक घराने एकेक माणूस द्यायचा. आज तुझ्या शेतावर सगळे, उद्या माझ्या. याला पडकई म्हणतात. मजुरी नाही, फक्त हाताची फेड हाताने. ज्याच्या घरात हात नाही त्याचा पाळीत नंबर लागत नाही. आबांची पाठ गेल्यापासून आमच्या घराचा लागलेला नव्हता. आमचं वरचं खाचर दोन पावसाळे फुटून पडलं होतं, आणि हे मला फोनवर कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

आबांनी मला हाताला धरून तिथे नेलं. "माझ्या घरचा मानूस आलाय," असं म्हणाले. मी टिकाव घेतला. पहिल्या तासाभरात तळहाताला फोड आले आणि चांगुणाकाकीने मला घमेली उचलायला लावलं. चांगुणाकाकी आमच्या भावकीतली. पडकईची पाळी तीच लावते.

"पावणं, माती हाय ती, केक न्हाई. दाबून भरा," ती म्हणाली आणि सगळे हसले.

दुपारी बांधावर नाचणीची भाकरी आणि कारळ्याची चटणी होती. काकीने मला सरळ विचारलं, "पुढच्या साली या दिसांत दोन आठवडं येशील का? येनार आसशील तर उद्या समदे तुमच्या शेतावर येतो. आदी तुमचा बांध घालू, तू पुढच्या साली फेड."

इथे गप्प बसायचं होतं. पण समोर माणसं बसली होती, आणि माणसं बसली की माझ्या अंगात येतं. मी उभा राहिलो. येणार म्हणजे येणारच, म्हणालो. यवनाचं टाकं आलं, डोंगर आला, ही माती आणि हे हात आले. माणूस जिथे खोदतो तिथला, काकी! एकाने शिट्टी मारली.

"लई झ्याक बोलतो," काकी आबांना म्हणाली. "मग उद्या तुमच्याकडं."

आबांचा चेहरा मी बघितला. गेल्या कित्येक भेटींत तो इतका मोकळा दिसला नव्हता. रात्री ते बोलत राहिले, वरच्या खाचरात कुठला भात लावायचा याबद्दल. मी हो हो म्हणत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सगळी वाडी आमच्या शेतावर. माझ्या शब्दावर. दगड लागत होते, माती पडत होती, बांध कमरेएवढा झाला होता. आमच्या वाडीत फोनला रेंज मिळते ती नेमकी त्या वरच्या खाचरात. मेघनाचा फोन आला. हात मातीने भरलेले, म्हणून मी स्पीकर लावून मोबाइल बांधावर ठेवला.

"काय ठरलं मग? आयर्लंड की ऑस्ट्रेलिया?" ती म्हणाली. "आज सांग हं, मला दादाला कळवायचंय. आणि भारताचा पासपोर्ट परत करायला किती वेळ लागतो, तेही बघून ठेव."

मी फोन बंद केला तेव्हा पहारी थांबलेल्या होत्या.

आबांनी विचारलं, "म्हंजे तू कंच्या देशाचा व्हनार हायेस?"

"अजून ठरलं नाही, आबा."

"ह्यो देश न्हाई, येवढं ठरलंय ना?"

मी होकारार्थी मान हलवली. एक म्हातारबा वातावरण हलकं करायला म्हणाले, "भात कंच्या देशात व्हतो?" कुणीतरी म्हणालं, पाऊस जिथं जास्त तोच घ्यावा. मी खरंच सांगून गेलो की आयर्लंडला पाऊस भरपूर. हसू आलं आणि लगेच विरलं.

"देश कंचा बी घे बाबा," चांगुणाकाकी म्हणाली. "त्येचा आमाला काय बी राग न्हाई. माजा भाचा दुबईला हाय. पन काल मी तुला इचारलं व्हतं."

तिने एवढंच म्हटलं. मी खाली बघून मोबाइलवरची माती पुसत राहिलो. बांध अर्धा झाला होता, आणि अर्धा बांध सोडला तर त्याची सैल माती वाहून पहिल्या पावसात खालच्या तिघांची खाचरं जातात.

आबा उठले. "चांगुणा, फेड माझ्या हातावर धर."

"आबा, तुमची पाठ..."

"दगड नसंल उचलत, माती तर वढतो."

संध्याकाळपर्यंत त्यांनी बांध पुरा केला. रीत म्हणून आमच्याच घरी जेवले. कुणी मला टोमणा मारला नाही. मारायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा कमरेला टॉवेल घट्ट बांधून दुसऱ्याच्या शेतावर गेले आणि बसून फावड्याने माती ओढत राहिले. मीही गेलो, विमानापर्यंतचे उरलेले सगळे दिवस गेलो. माझं काम काकीने आबांच्या फेडीत धरलं. आमच्या दोघांचा मिळून एक हात.

डब्लिनला परत येऊन बरेच दिवस झाले. देश ठरला: आयर्लंड. इतकी भाषणं केलेल्या माणसाने एखादं थोर कारण द्यायला हवं, पण कारण एवढंच आहे, की मुलीची शाळा बदलावी लागत नाही. वर्षाची सुट्टीही मी मांडून पाहिली. पुढच्या फेब्रुवारीत दोन आठवडे निघत नाहीत. निघू शकतात, असं स्वतःला पटवायचा प्रयत्नही केला.

अर्ज पाठवायच्या आधी आबांना फोन केला. ते म्हणाले, "बरं. आता चांगुणाला सांग. मी न्हाई सांगनार."

चांगुणाकाकीला फोन लावला. आयर्लंड, म्हटलं. "बरं, पावसाचा," ती म्हणाली. मी मुलीची शाळा, रजा, तिकडचे कायदे सांगू लागलो.

"न्हाई येनार म्हन की," तिने मला तोडलं. "येवढं बोलतोस, तेवढंच बोल."

"नाही येणार, काकी."

"हं. आत्ता कळलं. आता तुझ्या बाच्या शेताचं काय करायचं त्ये आमी बगतो."

मी तेव्हाच नाही म्हटलं असतं, तर हे वाक्य ती मला फेब्रुवारीतही म्हणू शकली असती. मी तिला म्हणू दिलं नाही. आबांची पाठ त्याची फेड करतेय.

मित्रांनो, देश कुठलाही निवडा, त्यावर मी यापुढे भाषण करणार नाही. पण तुम्ही येणार या भरवशावर गावात कुणीतरी काहीतरी धरून बसलं आहे. तो माणूस कोण, हे तुम्हाला हे वाचताना आठवलं असेलच. अर्जावर सही करायच्या आधी त्याला फोन लावा. मेसेज नको. त्याने विचारायच्या आत सांगा: मी येणार नाही.