अपडेट होईपर्यंत

नेदरलँड्समध्ये, कापेल आन डेन आयसेलमधल्या एका वृद्धाश्रमात मी नेटवर्कचा स्विच, म्हणजे सगळी उपकरणं एकमेकांना जोडणारी पेटी, अपडेट करायला गेले होते. मंगळवार, सकाळचे दहा. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या मजल्यावर, चादरींच्या कपाटाशेजारच्या अरुंद खोलीत तो स्विच होता. या मजल्याची दारं कोड टाकल्याशिवाय उघडत नाहीत, आणि कोड तपासणारी यंत्रणा याच स्विचमधून चालते. हे मला माहीत होतं. वीस मिनिटांचं काम आहे, दारं थोडा वेळच बंद राहतील, असं मी तिथल्या नर्सला सांगितलं.

स्विच जुना. त्याला चालवणारं नवं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, माझ्या लॅपटॉपवर होतं, पण फाइल घ्यायची एक जुनीपुराणी पद्धतच त्याला कळत होती. तिचा सर्व्हर मी लॅपटॉपवर चालू केला, स्विचला माझा पत्ता दिला, तरी फाइल काही जाईना. लॅपटॉपचा फायरवॉल आडवा येत होता. तो सोडवण्यात पाऊण तास गेला. जागा पुरेना म्हणून स्विचमधलं जुनं फर्मवेअर पुसलं. तिसऱ्या खेपेला फाइल गेली एकदाची. ती धड पोचली का, हे तपासायचं असतं. दोन मिनिटं लागतात. मी तपासलं नाही. सरळ रीस्टार्ट केला.

तो उठलाच नाही. फाइल अर्धवट पोचली होती, आणि परत जायला जुनं काही उरलं नव्हतं. आता एकच मार्ग होता, लॅपटॉप स्विचला थेट जोडणाऱ्या कन्सोलच्या केबलमधून थेंबथेंब फाइल भरायची. निदान तासभर. ते सुरू करून मी बाहेर आले, तर नर्स दाराशी पुन्हा पुन्हा कोड टाकत होती.

मी तिला खरं काय ते सांगितलं. ती चिडली नाही. किल्लीवाल्याला तिनं फोन केला. तो दुसऱ्या इमारतीत होता, त्यालाही तास लागणार होता. भिंतीवर काचेखाली लाल बटण होतं. ते दाबलं की मजल्याची सगळी दारं उघडतात, थेट जिन्यापर्यंत.

"इथे अकरा जण आहेत आणि मी एकटी," ती म्हणाली. "कोणी बटण दाबायचं नाही. थांबायचं."

दाराजवळच्या खुर्चीत एक आजी कोट घालून, मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. त्या रोज तशाच बसतात, बसची वाट बघत, असं नर्सनं सांगितलं. मी शेजारी बसले. माझं डच क्लासमधलं, पण त्या सावकाश बोलत होत्या.

"तुलाही सोडत नाहीत का?" त्यांनी विचारलं.

"माझ्या चुकीमुळेच दार बंद झालंय," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "असं ते सगळ्यांनाच सांगतात."

या कंपनीत मला तीन वर्षं झाली होती. या देशात राहायचा माझा परवाना या नोकरीवर उभा, म्हणून मी कशालाच नाही म्हणत नव्हते. पुण्याला आईला मात्र सांगत होते की इथे अगदी मोकळं वाटतं. त्या खुर्चीत बसून मला कुठेही मोकळं वाटत नव्हतं. दर पाच मिनिटांनी मी खोलीत जाऊन आकडा बघायचे. एकतीस टक्के. छत्तीस. आजींना दर वेळी मी नव्यानंच भेटायचे, आणि त्या दर वेळी तेच विचारायच्या.

फाइल पूर्ण झाल्यावर या वेळी मी ती तपासली, दोनदा. स्विच उठला, दाराच्या कीपॅडचा हिरवा दिवा लागला. तोवर आजी कोटासकट सूप प्यायला गेल्या होत्या. नर्सनं अंगाआड कोड टाकला, मी जेमतेम अंग जाईल एवढ्या फटीतून बाहेर पडले, आणि दार लागलं.

रिपोर्टमध्ये मी माझी चूक लिहिली. साहेबांनी वाचली, प्रामाणिकपणाबद्दल बरं बोलले, आणि पुढच्या आठवड्यात त्याच इमारतीतले उरलेले चार मजले मलाच दिले. मी हो म्हणाले.