मामीला न लागणारी गाडी

आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि लिहिणं म्हणजे आमच्याकडे अर्ज लिहिणं. तेव्हा एका जित्याजागत्या माणसाबद्दल मी असं पानंच्या पानं लिहायला बसावं, हा मला स्वतःलाच आगाऊपणा वाटतो. पण गोरेगाव ते सेनगाव रस्त्यावर जीप चालवणाऱ्या आमच्या मामांसारखा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरा नाही, एवढं मी शपथेवर सांगू शकतो. ते सख्खे मामा नव्हेत. आईच्या माहेरच्या गावचे, म्हणून मामा. मी कॉलेजला त्यांच्या जीपने जायचो, आणि आमची ओळख वाढली ती माझ्या पोटामुळे. मला गाडी लागते. दुसऱ्याच वळणावर तोंड पांढरं पडतं. मामांनी पहिल्याच दिवशी हे आरशात पाहिलं, जीप थांबवली, पुढच्या सवारीला मागे पाठवलं आणि मला खिडकीशी बसवून हातात लिंबू दिलं. जीपच्या पुढे नजर लागू नये म्हणून एक लिंबू टांगलेलं असे, आणि माझ्यासाठी दुसरं खिशात. एकदा खिशातलं विसरले. मी टांगलेल्या लिंबाकडे आशेने पाहिलं, तर म्हणाले, "ते गाडीचं हाय. तिलाबी तिचं लागतं." मग वाटेत जीप थांबवून एका मळ्यातून माझ्यासाठी लिंबू मागून आणलं. तोवर अकरा सवाऱ्या उन्हात बसून होत्या.

बावीस वर्षं जीप चालवल्यामुळे मामांची नजरच जीपवाल्याची झाली होती. कुठलीही जागा दिसली की तिथे माणसं किती बसतील हे ते मनात मोजायचे. लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या बाकावर, एवढंच काय, एकदा माझी फी भरायला बरोबर आले तेव्हा वर्गात डोकावून म्हणाले, "एका बाकड्यावर तिघंच काहून बसून राहिले? पाच बसतेत." मेंढरांचा कळप आडवा आला तर ते हॉर्न वाजवत नसत, इंजिन बंद करून बसत. शेळ्या आल्या तर मात्र हॉर्नवरचा हात काढत नसत. विचारलं तर म्हणायचे, "शेळीला समजतं, पण ती मुद्दाम करती. मेंढराला समजतच न्हाई, त्याला काय बोलायचं?" आणि फाट्यावर उभा असलेला माणूस सोडून पुढे जाणं त्यांना जमतच नसे. जीप गच्च भरलेली असली तरी ते थांबायचे, त्या माणसाला जागा नसल्याचं समजावून सांगायचे, आणि शेवटी घ्यायचेच.

अशा या माणसाची बायको मात्र त्यांच्या जीपमध्ये बसत नसे. मामींना गाडी माझ्याहून जास्त लागते. स्टँडवरचे बाकीचे जीपवाले टोमणे मारायचे, "तुमच्या घरची सवारीच बसंना, आमी गिऱ्हाइकाला काय सांगावं?" मामा हसायचे. पण त्यांची एकुलती एक लेक पुण्यात बाळंत झाली तेव्हा हसण्यासारखं काही राहिलं नाही. डॉक्टरांनी लेकीला प्रवास करू दिला नाही, म्हणून माहेरचं बाळंतपण हुकलं. मामी एसटीने निघाल्या, त्यांना जिंतूरला सलाइन लावावं लागलं आणि तिथूनच परत आणलं. रेल्वे करून पाहिली, तीही लागली. नात फोनवर रांगायला लागली. मामी फोन भिंतीला टेकवून तिच्यासमोर टाळ्या वाजवत बसायच्या. तेव्हा मामांनी जाहीर केलं की गाडी घ्यायची, आणि ती अशी घ्यायची की मामीला लागणार नाही.

दोन गाड्या नजरेत होत्या आणि दोन्हींची किंमत जवळजवळ सारखीच होती. एक हिंगोलीच्या एका निवृत्त डॉक्टरांची परदेशी काळी गाडी, बारा वर्षं वापरलेली, लांबलचक, आत सोफ्यासारखी गादी. दुसरी शोरूममधली कोरी पांढरी छोटी गाडी, तुमच्याआमच्या गल्लीत चार दिसतील अशी. मामांचा जीव काळीवर होता. "माणसानं जिंदगीत एकदा तरी अशा गाडीचं दार लावावं," असं ते म्हणायचे. पण त्यांनी परीक्षा दोन्हींची घ्यायची ठरवली. त्यासाठी एक पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या होता, आणि दुसरं साधन म्हणजे मी. "तुला न्हाई लागली तर तिलाबी लागणार न्हाई," असा त्यांचा हिशेब. माझ्या आयुष्यात माझी कुणाला एवढी गरज पडलेली नव्हती. मी उपाशीपोटी यावं की जेवून, हेसुद्धा त्यांनी दोन दिवस विचार करून ठरवलं. जेवून.

काळ्या गाडीत मागे मी आणि डॉक्टरसाहेब, माझ्या मांडीवर तांब्या, पुढे मामा. गाडी इतकी मऊ चालत होती की पाणी नुसतं थरथरत होतं. माझं पोटही शांत. मी तसं सांगितलं तेव्हा मामांच्या मानेवरूनसुद्धा आनंद दिसत होता. तेवढ्यात फाट्यावर गाठोडं घेतलेली एक म्हातारी दिसली. त्या गाडीला क्लच नव्हता, पण मामांच्या डाव्या पायाला ते कुठे ठाऊक? बावीस वर्षांच्या सवयीने त्यांनी डावा पाय सगळ्या ताकदीनिशी दाबला आणि तो ब्रेकवर पडला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. तांब्या डॉक्टरसाहेबांच्या मांडीवर.

"अहो, थांबलात कशाला?" डॉक्टरसाहेब पाणी झटकत ओरडले.

"सवारी उभी हाय ना," मामा म्हणाले, आणि वळून बघत, "सरका थोडं साहेब, एक बाई बसंल."

मला आजही नवल वाटतं, पण डॉक्टरसाहेब सरकले. म्हातारी गादीवरून हात फिरवत बसली आणि म्हणाली, "लगन हाय का रे कुनाचं?"

पुढच्या रविवारी डॉक्टरसाहेबांनी भल्या मनाने ती गाडी गोरेगावला आणली. मामी नवं लुगडं नेसून बसल्या. गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंतही गेल्या नाहीत. "थांबवा," एवढंच म्हणाल्या. मामा मला म्हणाले, "तुझं पोट खोटं बोललं, बाबू." चेष्टेतच म्हणाले, पण मी त्या दिवशी जेवलो नाही.

मग पांढरी. मामी शोरूमपर्यंत नाइलाजाने जीपनेच आल्या आणि पायरीवर डोळे मिटून बसल्या. मामा बॉनेटवर टिचक्या मारत होते, "पत्रा पातळ हाय." शोरूममधल्या बाईंनी स्वतः गाडी चालवत पायरीपाशी आणली. मामींना त्यांनी पाणी दिलं, मागे बसवून एक फेरीही मारली. दुसऱ्याच वळणावर पुन्हा तेच. खाली उतरून तोंड धुता धुता मामींनी त्या बाईंना विचारलं, "बाई, तुमाला न्हाई लागत?"

"लागायची की काकू, मागं बसले की अजून लागते. चालवताना नाही लागत."

मामी त्यांच्या हातांकडे बघत राहिल्या. परतताना त्या जीपच्या मागच्या टोकाला लिंबू धरून बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "अवं, चालवनाराला लागत न्हाई म्हंते."

मामा खदखदून हसले. मग अर्धा किलोमीटर गेल्यावर हसायचे थांबले. मला विचारलं, "तू शिकलेला हायेस. बराबर हाय का हे?" मला नक्की माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मला तोवर कुणी असं विचारलंच नव्हतं. मी म्हणालो, "असू शकेल मामा. तुम्हाला कुठे लागते?" त्यावर त्यांनी आरशातून मागे मामींकडे पाहिलं.

त्यानंतर माझी परीक्षा आली आणि पुढच्या शिक्षणासाठी मी परभणीला आलो. गावी गेलो तेव्हा मामांची भेट चुकली. स्टँडवर विचारलं तर एक जण म्हणाला काळी घेतली, दुसरा म्हणाला पांढरी, तिसरा म्हणाला काहीच नाही. मला मात्र वसतिगृहात बसल्या बसल्या त्या दोन गाड्या डोळ्यांपुढून जात नव्हत्या.

मागच्या आठवड्यात फोन आला. आवाज इतका बारीक की मी ओळखलाच नाही.

"बाबू, पुन्याहून बोलून राहिलो. पांढरी घेतली."

काळीच्या स्टीअरिंगमागे त्यांनी मामींना बसवून पाहिलं होतं, पण बाहेरून नुसता अंबाडा दिसत होता. पांढरीची सीट वर उचलता येत होती. मामी सात महिने शिकल्या, रीतसर लायसन काढलं. गावांच्या गर्दीत तेवढ्यापुरते मामा आणि बाकी सगळ्या मोकळ्या रस्त्यावर मामी, असे ते जालन्याला मुक्काम करत दोन दिवसांनी पुण्याला पोचले. मामी ठणठणीत होत्या, नातीला कडेवरून खाली ठेवत नव्हत्या.

"मग तुमचा आवाज असा का मामा?"

"मला लागली रे गाडी." एवढी वर्षं गाडी चालवली, पण शेजारी कधी बसलोच नव्हतो, असं ते सांगत होते. "लिंबू धरून बसलो होतो. तुझी मामी म्हने, बोलू नका, लांब पाहा." मग ते थांबले. "बाबू, इतकी वर्सं तिला असंच व्हत असंल का रे?"

"व्हय मामा," मी म्हणालो. "असंच होतं."