कायमचा कंदील आणि तुडतुडे

“भाऊ, तुझा कंदील रोज जेवणाच्या टायमालेच विझून राहिला!” असं म्हणत काकींनी स्टीलचा तो भलामोठा आकाशकंदील माझ्या काउंटरवर आदळला.

मी लाइटिंगची कामं करतो. हा कंदील मीच नागपूरहून मागवून दिला होता. काकी अंगणवाडीतून रिटायर झाल्या आणि हाती आलेल्या पैशातून दागिना न करता त्यांनी हा घेतला. नातेवाइकांनी नावं ठेवली. पण कारण होते काकाजी, म्हणजे त्यांचे यजमान. दरवर्षी ते बांबूच्या कमच्यांचा कंदील बनवत आणि शिडीवर चढून स्वतः टांगत. मागच्या दिवाळीत शिडीवरून पडले, खुबा मोडला. “बुढा परत शिडीवर चढला नाही पाहिजे. जन्मभर टिकन असा दे,” एवढीच काकींची ऑर्डर होती.

आता कंदील विझतो म्हटल्यावर काकाजींनी बांबू चिरायला घेतला होता. मंडई तोंडावर आली होती. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची आमच्याकडची गावजत्रा. लेकी-जावई, पाहुणे सगळे तेव्हाच येतात.

मी कंदील दुकानात लावून ठेवला. दुपारभर मस्त चालला.

“काकी, तुमच्या घरची लाइन खराब असेल.”

“बाकीचे दिवे बरे चालतेत. यालेच कायले बिघडते?”

मुद्दा बरोबर होता. कंपनीला फोन केला, तर ते म्हणाले, सील उघडलं की वॉरंटी संपली. माझं डोकं काही शांत बसेना. शेवटी संध्याकाळी गाडी काढली आणि चोरखमारा धरणाच्या कालव्याकडचं त्यांचं गाव गाठलं.

कंदील अंगणात टांगला. चांगला झगमगला. ताटं वाढली आणि काकींनी घरातले सगळे दिवे मालवले.

“दिवे काऊन मालवले?”

“अरे, ताटात तुडतुडे पडतेत ना!”

च्यायला! धानावरचे, म्हणजे भाताच्या पिकावरचे हे हिरवे किडे. लवकर येणारा हलका धान कापला जातो, उशिरा येणारा भारी धान शेतात उभा असतो, तेव्हा नेमकी दिवाळी येते आणि उजेड दिसला की हे घरात घुसतात. मीही लहानपणापासून दिवाळीत अंधारातच जेवत आलो, पण कंदिलाच्या नादात तेच विसरलो होतो. गावभर दिवे बंद, आणि अंगणात एकटा हा पांढराफटक कंदील. शेतातले सगळे पाहुणे त्याच्याकडे! थोड्या वेळाने तो विझलाच.

खाली उतरवला. वॉरंटी गेली खड्ड्यात म्हणून सील तोडलं. आत ओंजळभर तुडतुडे निघाले. एलईडीला घरची लाइन थेट चालत नाही. मध्ये ड्रायव्हर नावाची डबी असते, जी लाइन एलईडीला झेपेल अशी करून देते. किड्यांनी हवेची भोकं बुजवली होती. डबी तापायची, स्वतःच बंद पडायची आणि थंड झाली की पुन्हा चालायची. वाटेतल्या हादऱ्यांनी भोकं मोकळी झाली होती आणि दुपारी नवे किडे येत नाहीत, म्हणून दुकानात तो शहाण्यासारखा वागला.

कंपनीला पुन्हा फोन लावला. “वॉरंटीत किडे बसत नाहीत,” पलीकडून उत्तर आलं.

“मग कंदिलात काऊन बसले?” काकी फोनकडे तोंड करून ओरडल्या.

काकाजी कोपऱ्यातून म्हणाले, “माह्या कंदिलात एवढे नव्हते येत.” त्यांच्या कंदिलात पिवळा बल्ब असायचा. पिवळ्या उजेडावर किडे कमी येतात. मीच शोभा म्हणून पांढरा सुचवला होता!

पिवळी एलईडी घातली, भोकांना बारीक जाळी लावली. पण जाळी रोज झाडावी लागणार. तेव्हा तुळईला चरखी बसवली, विहिरीला असते तशी. दोरी सोडली की कंदील खाली, ओढली की वर.

“आणि झाडन कोण?” काकींनी विचारलं.

काकाजींनी बांबू बाजूला ठेवला आणि दोरी हातात घेतली. “खुर्ची आण,” म्हणाले.

मंडईच्या दिवशी मी जेवायला गेलो. आम्ही सवयीप्रमाणे अंधारात जेवलो आणि अंगणातला कंदील शेवटपर्यंत चालू राहिला. काकाजी खुर्चीवर बसून जावयाला तो खालीवर करून दाखवत होते. शिडी काकींनी शेजाऱ्याला देऊन टाकली होती.

आता कोणी कायम टिकणारी वस्तू मागितली की वॉरंटीचं मी नंतर बोलतो. आधी विचारतो, धानाचं शेत किती लांब आहे, आणि रोज पुसणार कोण?